पोल्ट्री वस्तीपासून किती लांब हवी? वासाचा, अमोनियाचा आणि अंतराचा साधा हिशेब

ग्रामसभेत पोल्ट्रीचा विषय निघाला की आवाज चढलाच म्हणून समजा. एका बाजूला कर्ज काढून शेड उभं करणारा शेतकरी असतो. कंपनीशी करार झालेला, बँकेचा हप्ता सुरू होणार, म्हणून त्याला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लवकर हवा असतो. दुसऱ्या बाजूला वस्तीवरची माणसं असतात. पावसाळ्यात ताटावर बसणाऱ्या माश्या आणि रात्री घरात शिरणारा वास त्यांनी सोसलेला असतो. दोघंही एकाच आकड्यावर भांडतात: ५०० मीटर.

हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण ५०० मीटरवर असूनही गावाला हैराण करणारी शेडं आहेत आणि त्याहून जवळ असूनही कुणाची तक्रार नसलेली शेडंही आहेत. असं का होतं, शेडातून किती वायू बाहेर पडतो, त्यावरून अंतर कसं ठरवतात आणि शेड टाकण्याआधी काय तपासायचं, हे समजून घेऊ.

५०० मीटर आले कुठून?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पोल्ट्री फार्मसाठी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० च्या आदेशानंतर त्या सुधारण्यात आल्या. नव्या फार्मसाठी त्यातली मुख्य अंतरं अशी: रहिवासी भागापासून ५०० मीटर, नदी, तलाव, कालवा आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटर, राष्ट्रीय महामार्गापासून १०० मीटर, गावातल्या रस्त्यापासून किंवा पायवाटेपासून १० ते १५ मीटर.

पक्ष्यांच्या संख्येवरून फार्मचे तीन गट केले आहेत. ५,००० ते २५,००० पक्ष्यांचा फार्म लहान, त्यापुढे १ लाखापर्यंत मध्यम आणि १ लाखाच्या वर मोठा. २५,००० पेक्षा जास्त पक्षी एकाच जागी असतील तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. आपल्याकडची बहुतेक करारावरची शेडं ५ ते १० हजार पक्ष्यांची, म्हणजे लहान गटातली. तिथे मंडळाचा माणूस सहसा येत नाही. सगळा भार ग्रामपंचायतीवर आणि पशुसंवर्धन खात्यावर येतो.

५०० मीटर ही सगळ्यांना एकच लागू केलेली फूटपट्टी आहे. ५,००० पक्ष्यांनाही तीच आणि ५०,००० पक्ष्यांनाही तीच. वारा कुठला, जमिनीचा उतार कुठे, गादी कोरडी की ओली, हे त्या आकड्याला कळत नाही. म्हणून तो किमान नियम म्हणून पाळायचा आणि पुढचा हिशेब आपण करायचा.

वास नेमका कशाचा?

कोंबडी लघवी वेगळी करत नाही. तिच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. गादीतल्या जिवाणूंना ओल आणि ऊब मिळाली की ते या युरिक आम्लाचं अमोनियात रूपांतर करतात. डोळे चुरचुरतात ते या अमोनियाने. त्याच्या जोडीला गंधकाचे वायू आणि कुजताना तयार होणारी आम्लं असतात. त्यांचं प्रमाण अगदी कमी असलं तरी नाकाला ते लगेच कळतात. लांबवर जो 'पोल्ट्रीचा वास' येतो, तो बराचसा या दुसऱ्या गटाचा असतो.

अमोनियाचे काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हवेच्या १० लाख भागांत अमोनियाचे साधारण ५ भाग झाले की बऱ्याच जणांना वास कळायला लागतो. शेडात पक्ष्यांसाठी आणि ८ तास काम करणाऱ्या माणसासाठी २५ भाग ही वरची मर्यादा मानतात. त्यापुढे पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास होतो, वजन घटतं. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम इतकं आहे. म्हणजे १० लाख भागांत जेमतेम अर्ध्या भागाच्या आसपास. थोडक्यात, अंगणात अमोनियाचा स्पष्ट उग्र वास येत असेल, तर त्या वेळी हवेतलं प्रमाण या आकड्याच्या बरंच वर गेलेलं असतं. आणि वास येत नाही म्हणजे हवा मानकात आहे, असंही धरता येत नाही.

अजून एक गोष्ट. रोज शेडात वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. 'मला तर काही वास येत नाही' असं मालक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही. त्याला खरंच येत नसतो. म्हणून वासाचा अंदाज बाहेरून आलेल्या माणसाला घ्यायला सांगावा.

पाच हजार पक्षी, किती अमोनिया?

यंत्र न लावताही याचा अंदाज निघतो. खाद्यातून किती नत्र आत गेलं आणि पक्ष्याच्या अंगात किती राहिलं, एवढं काढलं की उरलेलं नत्र विष्ठेत गेलं.

समजा ५,००० ब्रॉयलरची बॅच आहे. पक्षी सरासरी २.२ किलोचा होऊन जातो आणि तोवर साडेतीन किलो खाद्य खातो. एकूण खाद्य झालं १७,५०० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३५० गोण्या. त्यात प्रथिनं २० टक्के धरली तर ३,५०० किलो. प्रथिनात नत्र १६ टक्के असतं, म्हणजे ५६० किलो नत्र शेडात आलं. विकलेल्या ११,००० किलो पक्ष्यांच्या अंगात साधारण २.९ टक्के, म्हणजे सुमारे ३२० किलो नत्र बाहेर गेलं. उरलं २४० किलो. ते गादीत आहे.

या २४० किलोपैकी किती उडून जातं, यावर सगळा खेळ आहे. पाव भाग उडाला असं धरू. ६० किलो नत्र म्हणजे सुमारे ७३ किलो अमोनिया, एका बॅचमध्ये. गादी छान कोरडी ठेवली आणि दहावा भागच उडाला, तर हाच आकडा ३० किलोच्या आत येतो. गादी ओली होऊन ४० टक्के उडालं, तर तो ११५ किलोच्या वर जातो. शेड तेच, पक्षी तेवढेच, खाद्य तेच, फरक चौपट.

हे नुकसान शेजाऱ्याचं आहे तसं मालकाचंही आहे. ६० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या जवळपास तीन गोण्या युरिया. कोंबडखत विकताना किंवा स्वतःच्या शेतात टाकताना तेवढं खत आधीच हवेत गेलेलं असतं.

शिवाय हा अमोनिया रोज सारखा निघत नाही. पिल्लं लहान असताना तो नगण्य असतो आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त. म्हणून शेडाची पाहणी पंधराव्या दिवशी करून उपयोग नाही. ती पस्तिसाव्या दिवसाच्या पुढे करावी.

लेयरचा हिशेब वेगळा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. १०,००० लेयर म्हणजे दिवसाला टनाहून जास्त. पिंजऱ्याखालचा ढीग कोरडा राहिला तर ठीक. पाण्याची नळी गळून तो ओला झाला की वास आणि माश्या दोन्ही सुरू.

वायूवरून अंतर कसं काढतात?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने यासाठी एक पद्धत बसवली. तिचं नाव 'ऑफसेट'. पद्धत सोपी आहे. शेडाचं आणि खताच्या साठ्याचं क्षेत्रफळ घ्यायचं. त्याला जनावराच्या आणि खत साठवण्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या वासाच्या आकड्याने गुणायचं. वास कमी करायची काही सोय केली असेल तर त्या प्रमाणात घटवायचं. सगळ्या जागांची बेरीज करून त्यावरून अंतर काढायचं.

त्यातली तुलना बोलकी आहे. गादीवरच्या ब्रॉयलर शेडाचा वासाचा आकडा १ धरला आहे. खाली खोल खड्ड्यात मलमूत्र साठवणाऱ्या, वराह मोठे करण्याच्या शेडाचा तोच आकडा ३४ आहे. शेडातली हवा बायोफिल्टरमधून, म्हणजे लाकडाचे तुकडे आणि कंपोस्टच्या थरातून, सोडली तर वास दहाव्या भागावर येतो असं धरलं आहे. म्हणजे जनावरं किती, यापेक्षा खत कोणत्या अवस्थेत आहे, याला जास्त वजन आहे.

ही पद्धत 'वास अजिबात येणार नाही' असं वचन देत नाही. ती विचारते: महिन्यात किती तास त्रास चालेल? ९९ टक्के वेळ त्रास नको म्हटलं तर महिन्यात सुमारे ७ तास वास सोसावा लागेल. ९१ टक्क्यांवर भागलं तर सुमारे ६५ तास. जितका कमी त्रास हवा, तितकं अंतर जास्त. ग्रामसभेतही प्रश्न असाच मांडला तर चर्चा पुढे सरकते. 'वास येणार की नाही' यावर एकमत कधीच होत नाही.

मिनेसोटाची हवा आणि सपाट जमीन आपल्याकडे नाही, त्यामुळे त्यांचे मीटर इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एक ढोबळ नियम कामाचा आहे: लागणारं अंतर साधारण वासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. वास चौपट झाला तर अंतर सुमारे दुप्पट लागतं. वास निम्मा केला तर अंतर ३० टक्क्यांच्या आसपास कमी पुरतं.

आता वरच्या हिशेबाशी हे जोडा. ओल्या आणि कोरड्या गादीत अमोनियाचा फरक चौपट होता. वासही त्याच प्रमाणात धरला, तर ५०० मीटरवरचं ओलं शेड गावाला साधारण २५० मीटरवरच्या कोरड्या शेडाइतका त्रास देईल. नियमाने मिळालेलं निम्मं अंतर गळकी निपल खाऊन टाकते.

वारा, उतार आणि हिवाळ्याची पहाट

आपल्या भागात जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. याच दिवसांत गादी ओली असते. म्हणून गावाच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला शेड असेल तर पावसाळाभर वास थेट गावात. हिवाळ्यात वारा बहुतांशी पूर्व-ईशान्येकडचा असतो, म्हणजे तेव्हा उलट बाजू अडचणीची. यातून गावठाणाच्या उत्तरेची किंवा दक्षिणेची जागा बहुधा बरी ठरते. तरी डोंगर, खिंड, धरण जवळ असेल तर तिथला वारा वेगळा वागतो. जागेवर काठीला कापडाची पट्टी बांधून काही आठवडे सकाळ-संध्याकाळ दिशा लिहून ठेवली तर फुकटात माहिती मिळते.

सगळ्यात जास्त वास मात्र जोराच्या वाऱ्यात येत नाही. तो येतो निरभ्र, शांत, थंड रात्री आणि पहाटे. जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वरची ऊबदार हवा झाकणासारखी बसते. वास वर जाऊन विरत नाही. ही जड हवा पाण्यासारखी उताराने, ओढ्या-नाल्याच्या पात्रातून खाली वाहते. शेड वर माळावर आणि वस्ती खाली ओढ्याकाठी असेल तर अंतर ५०० च्या पुढे असूनही पहाटे वास येऊ शकतो. म्हणून जागा बघायला दुपारी जाऊ नका. पहाटे पाच-सहाला जा.

माश्यांना अंतर अडवत नाही

वास अंतराने विरतो. माशी अंतराने थांबत नाही. घरमाशी एक-दोन किलोमीटर सहज जाते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी तयार व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. त्यामुळे ५०० मीटर पाळले तरी माश्यांची तक्रार राहतेच, आणि मग लोक म्हणतात, नियम पाळूनही काय उपयोग झाला?

माशीवर इलाज खतातच करावा लागतो. ओल्या खतात अळी वाढते, कोरड्यात मरते. गादीतली ओल २० ते २५ टक्क्यांच्या आसपास राखली तर अळीही नाही आणि अमोनियाही कमी. ओल ओळखायची जुनी रीत आहे. मूठभर गादी घेऊन दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त. दाबल्यावर अलगद सुटली तर बरोबर. नुसती धूळ उडाली तर जास्तच कोरडी.

करण्यासारखं:
- निपलची उंची आणि पाण्याचा दाब पक्ष्याच्या वाढीप्रमाणे बदला. गळती त्याच दिवशी बंद करा.
- गादी नियमित खालीवर करा. ओले गठ्ठे काढून नवं तूस टाका.
- पावसाळ्यात पडदे पूर्ण लावून घेऊ नका. वरून हवा जाऊ द्या, नाहीतर ओल आत कोंडते.
- पक्षी आत असताना गादीत चुना टाकताना विचार करा. चुन्याने गादी कोरडी वाटते, पण तिचा सामू वाढतो आणि अमोनिया एकदम सुटतो. चुना मारायचाच तर बॅच गेल्यावर, शेड मोकळं असताना.
- काढलेलं कोंबडखत उघड्यावर ढीग घालून ठेवू नका. ताडपत्रीने झाका, पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका.
- मेलेले पक्षी ओढ्यात किंवा बांधावर फेकू नका. मरतुकीसाठी खड्डा हवाच, आणि तो विहिरीपासून लांब.

शेड आधी की घर आधी?

आपल्याकडे अर्धे वाद इथे अडतात. शेड माळावर टाकलं तेव्हा आसपास कुणी नव्हतं. दहा वर्षांत गाव वाढलं, प्लॉट पडले, घरं आली आणि आता तक्रार सुरू झाली. यात चूक कुणाची?

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात यावर तोडगा काढलेला आहे. तिथे किमान अंतराचा नियम दोन्ही बाजूंनी लागतो. नवा गोठा किंवा शेड टाकताना जुन्या घरांपासून अंतर सोडावं लागतं, आणि जुन्या गोठ्याजवळ नवं घर किंवा वसाहत करायची असेल तर तिलाही गोठ्यापासून अंतर सोडावं लागतं. अंतर जनावरांच्या प्रकारावर, संख्येवर आणि खताच्या साठवणीवर ठरतं. दाट वस्तीसाठी ते एकाकी घराच्या दुप्पट धरतात.

आपल्याकडे पोल्ट्रीकडून ५०० मीटर मागतात, पण पोल्ट्रीजवळ प्लॉट पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीने शिवारातल्या चालू शेडांची नोंद नकाशावर ठेवली आणि घराची परवानगी मागणाऱ्याला ती दाखवली, तरी पुढचे बरेच वाद टळतील. प्लॉट घेणाऱ्यानेही आसपासचं शेड बघूनच इसार द्यावा.

दोन शेडांमधल्या अंतराचाही विचार हवा. बर्ड फ्लूचा रुग्ण सापडला की १ किलोमीटरच्या परिसरातले सगळे पक्षी नष्ट करतात. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने हे भोगलं. एकमेकांना खेटून असलेली शेडं एकत्रच बुडतात.

गाई-म्हशींच्या गोठ्याचं काय?

गाय-म्हैस रवंथ करताना जो मिथेन सोडते, त्याला वास नसतो. त्याचा शेजाऱ्याला त्रास नाही, हवामानाला आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २००६ मध्ये भारतीय उपखंडासाठी दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो, म्हशीमागे ५५ किलो आणि शेळीमागे ५ किलो मिथेन असा अंदाज धरला होता. गोठ्याचा वास येतो तो साचलेल्या शेण-मुताचा. शेण रोज उचललं, मूत नालीवाटे वेगळं काढलं की तो बराच कमी होतो.

मात्र शेणाची बंद टाकी किंवा गोबरगॅसचा खड्डा जिवावर बेतू शकतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी राहतो. १० लाख भागांत १०० च्या पुढे गेला की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो, आणि ५०० च्या पुढे माणूस काही वेळात कोसळतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. बाहेरून हवा सोडल्याशिवाय आणि कमरेला दोर व वर माणसं असल्याशिवाय अशा टाकीत कुणीही उतरू नये.

जागा ठरवण्याआधी आणि वाद झाल्यावर

शेड टाकणाऱ्याने आधी मोबाइलवरच्या नकाशात अंतर मोजावं. मोजताना शेडाचा किंवा खताच्या ढिगाचा वस्तीकडचा कोपरा घ्यायचा आणि सगळ्यात जवळच्या घरापर्यंत सरळ रेषा धरायची. रस्त्याने किती होतं ते चालत नाही. मग वारा, उतार, विहिरी आणि गाव कुठल्या बाजूला वाढतंय ते बघावं. पुढे दुसरं शेड टाकायचा विचार असेल तर हिशेब आत्ताच दोन शेडांचा करावा. दाखल्यासाठी सध्या लागू असलेल्या अटी पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्याव्यात.

त्रास होणाऱ्यांनी वहीत नोंद ठेवावी: तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती वेळ टिकला, माश्या किती. महिनाभराची अशी वही शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा जास्त काम करते, कारण तिच्यावरून वास बॅचच्या कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वेळी येतो ते दिसतं. मालकानेही निपलची दुरुस्ती, गादी बदलणं, खत उचलणं यांची वही ठेवली तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोलता येतं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

नाहीच जमलं तर आधी ग्रामपंचायत, मग पशुधन विकास अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार प्रांताधिकाऱ्यांनाही आहे. पूर्वी हेच कलम १३३ म्हणून ओळखलं जायचं. पण तिथपर्यंत गेलेल्या प्रकरणात शेड बंद पडतं, हप्ता मात्र चालू राहतो, आणि गावात दोन तट पडतात ते वेगळंच. जागा एकदाच निवडता येते, गादी मात्र रोज कोरडी ठेवता येते. कागदावरचे ५०० मीटर त्या दोन्हींची जागा घेऊ शकत नाहीत.